मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेची साधने आणि सरकारी देखरेख : पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले आणि अभ्यासासाठी मुलाच्या हाती फोन देणे पालकांना गैर वाटेनासे झाले. उरलासुरला संकोच करोनाकाळातील वर्गांनी संपवला. मात्र सोलापूर शहराच्या पूर्व भागात, जिथे वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळण्यात गुंतलेली असते, तिथे अनेक घरांत फोन एकच असतो. सिमकार्ड वडिलांच्या नावावर आणि खात्यातील जन्मतारीखही त्यांचीच. वयावर बेतलेले सुरक्षा-साधन, म्हणजे मजकूर गाळणारे वा मुलावर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर, अशा घरातील मुलाला प्रौढच समजते.

आपल्याकडील कायद्याचा रोख आधी साधनावर नव्हे, तर मजकुरावर होता. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा. त्यात दुरुस्तीने आलेले कलम 67-ब 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झाले आणि मुलांचे लैंगिक चित्रण तयार करणे, पाहणे, पसरवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून अमलात आला. साधनांचा विषय ठळकपणे पुढे आला तो जानेवारी 2020 मध्ये, जेव्हा जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणात मुलांवर लक्ष ठेवणारे अ‍ॅप सक्तीचे करावे, अशी शिफारस केली. ते अ‍ॅप गोळा करील त्या माहितीचे काय, हा प्रश्न मात्र सक्तीच्या भरात मागे पडला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील फेब्रुवारी 2021 च्या नियमांनी 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपन्यांकडून मुलांचे लैंगिक चित्रण शोधणारी स्वयंचलित साधने वापरण्याच्या प्रयत्नाची अपेक्षा धरली, त्यावर माणसांची देखरेखही सांगितली, आणि ओटीटीवरील 13 वर्षांपुढील गटाच्या कार्यक्रमांना पालक-कुलूप बंधनकारक केले.

मागे पडलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत दहा वर्षे आधीच मिळाले होते. तेथे 1998 च्या कायद्याने 13 वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमती आवश्यक केली होती, तर 2000 च्या कायद्याने इंटरनेटसाठी ठरावीक केंद्रीय मदत घेणाऱ्या शाळा व ग्रंथालयांना फिल्टर बसवायला लावले होते. तरीही एकोमेट्रिक्स या कंपनीने ‘सेंट्री’ नावाचे देखरेखीचे सॉफ्टवेअर पालकांना विकले आणि त्यातून मिळणाऱ्या मुलांच्या गप्पांमधील माहिती 2009 मध्ये ‘पल्स’ या बाजार-संशोधन सेवेसाठी वापरली. कुंपणच शेत खात होते. पालकांना याची पुरेशी कल्पना दिली नाही, असा ठपका ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी यंत्रणेने ठेवला. नोव्हेंबर 2010 मधील तडजोडीनुसार ‘पल्स’कडे गेलेली माहिती नष्ट करणे कंपनीला भाग पडले. या प्रकरणात सरकारी देखरेख साधनाच्या हेतूवर नव्हे, तर त्याच्या व्यवहारावर झाली, आणि माझ्या मते खरी गरज अशाच देखरेखीची असते.

भारतात हे वळण डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, म्हणजे ऑगस्ट 2023 मध्ये आले. त्याचे कलम 9 अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागते, मुलांचा माग काढण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई करते. भंग झाल्यास दंड 200 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. माग काढण्याची ही मनाई काटेकोर पाळली, तर पालकांनी बसवलेले ठावठिकाणा सांगणारे अ‍ॅपही अडचणीत येते. म्हणूनच नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत मुलाच्या सुरक्षिततेसाठी त्याचे त्या वेळचे ठिकाण कळण्यापुरती आणि घातक मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचू न देण्यापुरती सवलत ठेवली आहे.

या तरतुदी अठरा महिन्यांच्या मुदतीनंतर पूर्णपणे लागू व्हायच्या आहेत. मुलाविरुद्ध गुन्हा घडला, तर सोलापुरातील पालकाला सायबर पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर जाता येते. पण सुरक्षेसाठी घेतलेल्या अ‍ॅपनेच माहितीचा गैरवापर केला, तर नव्या कायद्यानुसार आधी त्या कंपनीच्याच तक्रार-निवारण यंत्रणेकडे जावे लागेल आणि तेथे दाद लागली नाही तरच याच कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळाकडे.