कुरवाळण्याचा वेग

“पुरुषाला शरीर हवं असतं, बाईला मन” हे वाक्य लग्नाविषयीच्या सल्ल्यांत इतक्या वेळा येतं की ते शरीरशास्त्राच्या पुस्तकातूनच घेतलंय असं वाटावं. त्यामागचं गृहीतक असं की शारीरिक सुख आणि भावनिक जवळीक ही दोन वेगळी खाती आहेत, एकातलं दुसऱ्यात जात नाही. त्वचेचा अभ्यास करणाऱ्यांना विचारा. ते या वाटणीला सहजासहजी मान डोलावणार नाहीत.

त्वचेकडून मज्जारज्जूकडे स्पर्शाचे संदेश नेणारे चेतातंतू ढोबळमानाने दोन जातींचे. पहिल्या जातीच्या तंतूंवर मायेलिनचं जाड वेष्टण असतं, त्यांतून संदेश सेकंदाला ५० मीटरच्या आसपास धावतो. खिशात हात घातल्यावर नाणं कुठलं आणि किल्ली कुठली हे न बघता कळतं ते यांच्यामुळे. दुसरी जात बारीक आणि उघड्या तंतूंची. वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. घोट्यावरून कुणी हात फिरवला, तर ही बातमी कण्यापर्यंत पोचायला सेकंदभर लागतो.

वेदना, खाज, ऊब अशा संथ तंतूंतून जाते हे ठाऊक होतं. पण यांतले काही तंतू हलक्या, मऊ स्पर्शालाही उत्तर देतात हे स्वीडनच्या इंग्वे झोटरमान यांनी १९३९ साली मांजरांत दाखवलं. माणसात ते उरलेले नाहीत, असं पुढे बराच काळ मानलं जात होतं. १९६०च्या दशकात उप्सालामध्ये हागबार्थ आणि वाल्बो यांनी जाग्या माणसाच्या नसेत टंगस्टनची बारीक सुई खुपसून एकेका तंतूचे विद्युतसंकेत टिपण्याचं तंत्र विकसित केलं. त्याच तंत्राने पुढे हे तंतू माणसाच्या चेहऱ्यावर आणि मग हातावर सापडले. त्यांना सी-टॅक्टाइल म्हणतात. केस असलेल्या त्वचेत ते भरपूर, तळहातावर जवळजवळ नाहीत.

आता माझा आवडता भाग. कोपराखाली मऊ ब्रश फिरवत त्याचा वेग वाढवत नेला, तर वेगवान तंतूंचे संकेत वाढतच जातात. सी-टॅक्टाइलचं तसं नाही. ब्रश फार हळू असेल तर ते थंड, फार जोरात असेल तरी थंड. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या पट्ट्यात मात्र सर्वांत जास्त संकेत. आलेख मधोमध उंच टेकडीसारखा. “किती छान वाटलं?” या प्रश्नाच्या उत्तरांचा आलेख काढला, तर त्याचीही टेकडी तिथेच येते (२००९). ब्रशचं तापमान त्वचेइतकं, म्हणजे ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास असलं की प्रतिसाद अजून चांगला. थोडक्यात, हा तंतू मंद गतीने फिरणाऱ्या कोमट हातासाठी जुळवलेला आहे.

एका महिलेचे वेगवान स्पर्शतंतू वयाच्या ३१व्या वर्षी आजाराने निकामी झाले. तळहातावरचा ब्रश तिला कळेना. कोपराखाली मात्र काहीतरी पुसटसं, पण सुखद वाटे. त्या वेळी तिच्या मेंदूचा नेहमीचा स्पर्शनकाशा गप्प होता आणि भावनांशी निगडित इन्सुला जागी होती (२००२).

गंमत म्हणजे हा वेग कुणी शिकवत नाही. २०१६च्या एका प्रयोगात लोकांना कृत्रिम हात कुरवाळायला दिला, मग जोडीदाराचा. जोडीदाराच्या हातावर बोटं आपोआप संथ झाली, नेमकी त्या पट्ट्यात. आईबाप बाळालाही याच वेगाने कुरवाळत होते.

आणि कामसुखाचं काय? २०२३ साली कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने मादी उंदरांतल्या अशाच जातकुळीच्या चेतापेशी प्रकाशाने चालू होतील अशी सोय केली. पाठीवर प्रकाश पडताच, कुणीही न शिवता, त्यांनी समागमाला राजी असल्याचा पवित्रा घेतला आणि मेंदूत डोपामिन हे सुखाशी निगडित रसायन पाझरलं. याच पेशी काढून टाकल्या तर त्या नराला दाद देईनात.

ऑक्सिटोसिनचा उल्लेख न करता लोक हा विषय संपवू देत नाहीत. ‘प्रेमाचं संप्रेरक’ म्हणून त्याचे फवारेसुद्धा विकले जातात. ज्या प्रेरी व्होल या जोडीने राहणाऱ्या, उंदरासारख्या प्राण्यावरून ही कथा रचली गेली, त्याच्यातून ऑक्सिटोसिनचे ग्राहीच (पेशींवर ते संप्रेरक टिपणारे रेणू) जनुकबदलाने काढून टाकले, तरी जोड्या जमल्या. हेही २०२३चंच. तेव्हा फवाऱ्याची किंमत आणि रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर ‘मर्दानी ताकद’ रंगवणाऱ्यांची फी, दोन्हींची लायकी सारखीच.

मग सगळं त्वचेतच आहे का? तेही नाही. २०१२ साली काही पुरुषांना स्कॅनरमध्ये झोपवून त्यांचा पाय कुरवाळला. समोरच्या चित्रफितीत कधी स्त्री दिसे, कधी पुरुष. प्रत्यक्षात हात प्रत्येक वेळी एकाच स्त्रीचा. हे सगळे स्त्रियांकडे आकर्षित होणारे पुरुष. स्त्री कुरवाळते आहे असं वाटताच त्यांच्या प्राथमिक स्पर्शकेंद्राचा प्रतिसाद वाढला. भावना नंतर चिकटवली जाते असं मानलं, तर फरक पुढच्या केंद्रांत दिसायला हवा होता. तो पहिल्याच ठाण्यावर दिसला.

टेकडीचा आलेख सरासरीचा आहे, हे मात्र सांगायलाच हवं. एकेकाची उत्तरं सुटी पाहिली तर अनेकांची टेकडी सपाट निघते, काहींची उलटीही. स्टॉपवॉच घेऊन बेडरूममध्ये जाण्यात अर्थ नाही.