निर्जंतुकीकरण उपपदार्थ (पेयजलातील)

पाण्यातील रोगजंतू मारण्यासाठी वापरलेल्या क्लोरीन, क्लोरामाइन, क्लोरीन डायऑक्साइड किंवा ओझोन यांची पाण्यातील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्याशी आणि ब्रोमाइड, आयोडाइड यांच्याशी विक्रिया होऊन बनणारी संयुगे. त्यांपैकी सहाशेहून अधिक ओळखली गेली आहेत. क्लोरिनयुक्त पाण्यात ट्रायहॅलोमीथेने (क्लोरोफॉर्म, ब्रोमोफॉर्म व त्यांच्यामधली दोन मिश्र संयुगे) आणि हॅलोॲसिटिक अम्ले हे गट प्रमाणाने मोठे असतात.

सार्वजनिक पुरवठ्यात क्लोरीनचा नियमित वापर विसाव्या शतकाच्या आरंभी रुळला. पण हे उपपदार्थ 1970 च्या दशकापर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते. शोधाचे श्रेय सामान्यतः रॉटरडॅमच्या जलपुरवठ्यातील रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांना दिले जाते (1974). त्याच वर्षी अमेरिकेत बेलर, लिश्टेनबर्ग व क्रोनर यांनीही क्लोरिनयुक्त पाण्यात हीच संयुगे असल्याचे दाखवले. ही कामे स्वतंत्रपणे झाली असे मानले जाते; अग्रक्रम मात्र रूक यांच्याकडे जातो आणि तो रास्तही वाटतो. संयुगे नुसती आढळल्याचे न सांगता, पाण्याला रंग देणारी ह्युमिक द्रव्ये (कुजलेल्या वनस्पतींपासून बनणारी सेंद्रिय द्रव्ये) हे त्यांचे मूळ आहे, असा खुलासा त्यांनी मांडला. ह्युमिक द्रव्यातील नेमका कोणता भाग विक्रियेत उतरतो, हा पुढे वादाचा विषय झाला. रूक यांनी त्यातील रिसॉर्सिनॉलसारख्या (दोन हायड्रॉक्सिल गट असलेल्या) कार्बन-वलयांकडे बोट दाखवले. मिथिल कीटोन या सेंद्रिय संयुगांपासून क्लोरोफॉर्मसारखी संयुगे देणारी हॅलोफॉर्म विक्रिया एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक असली, तरी तिच्या गतीने आढळणाऱ्या सर्व प्रमाणाचा हिशोब लागत नाही. त्यामुळे वलयांचा मार्ग महत्त्वाचा आहे, हे मत अधिक ग्राह्य ठरते.

ब्रोमाइड असल्यास क्लोरीन त्याचे हायपोब्रोमस अम्ल करते. ते सेंद्रिय द्रव्याशी क्लोरीनपेक्षा वेगाने विक्रिया करते, म्हणून थोड्या ब्रोमाइडनेही ब्रोमीनयुक्त संयुगांचा वाटा वाढतो. पीएच (पाण्याची अम्लता-अल्कता दाखवणारा अंक) वाढला की ट्रायहॅलोमीथेने वाढतात, तर ट्रायक्लोरोॲसिटिक अम्ल घटते. तापमान आणि संपर्ककाळ यांचाही परिणाम होतो, म्हणून लांब जलवाहिनीच्या टोकाला ट्रायहॅलोमीथेने शुद्धीकरण केंद्रावरच्यापेक्षा अधिक भरतात. याच कारणाने नमुना घेताना बाटलीत उरलेला क्लोरीन शमवणारे द्रव्य आधीच घालतात आणि बुडबुडा न राहील अशी ती काठोकाठ भरतात. नाहीतर विक्रिया बाटलीतही चालू राहते आणि क्लोरोफॉर्म वरच्या हवेत निसटतो.

आरोग्यावरील परिणामांबाबत पुरावा एकसारखा नाही. 1976 मध्ये क्लोरोफॉर्ममुळे उंदीर व घुशींत अर्बुदे होतात असे जाहीर झाले; पण ते डोस पेयजलातील प्रमाणाच्या मानाने फार मोठे होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था क्लोरोफॉर्मला ‘माणसात कर्ककारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवते. क्लोरिनयुक्त पेयजलाचे मात्र 1991 मध्ये वर्गीकरण करता आले नाही. साथरोगशास्त्रीय अभ्यासांत सर्वांत सातत्याने दिसणारा संबंध मूत्राशयाच्या कर्करोगाशी आहे. गर्भपाताचा संबंध सांगणाऱ्या 1998 च्या कॅलिफोर्नियातील निष्कर्षाला नंतरच्या मोठ्या अभ्यासात पुरेसा दुजोरा मिळाला नाही. शिवाय ट्रायहॅलोमीथेने बाष्पनशील असल्याने अंघोळीच्या वेळी श्वासावाटे आणि त्वचेतूनही शरीरात जातात. पाणी किती प्यायले यावरच बेतलेले अंदाज त्यामुळे अपुरे पडतात.

1991 च्या पेरूमधील पटकीच्या (कॉलराच्या) साथीचे खापर कर्करोगाच्या भीतीने क्लोरीन बंद केल्यावर फोडले गेले. पुढील परीक्षणात मात्र मोडकळीस आलेला पाणीपुरवठा व अपुरे शुद्धीकरण ही कारणे पुढे आली. ती अधिक पटणारी आहेत.

अमेरिकेत एकूण ट्रायहॅलोमीथेनांची मर्यादा 1979 मध्ये लिटरला 100 मायक्रोग्रॅम होती. 1998 च्या नियमाने ती 80 झाली आणि पाच हॅलोॲसिटिक अम्लांसाठी 60 ठरली. जागतिक आरोग्य संघटना क्लोरोफॉर्मसाठी 300 सुचवते, मात्र उपपदार्थ आटोक्यात ठेवण्यासाठी निर्जंतुकीकरणात तडजोड नको असेही बजावते. त्यामुळे उपायांचा भर क्लोरीन घालण्याआधी सेंद्रिय द्रव्य काढण्यावर असतो: तुरटी वा लोहक्षारांचे वाढीव किलाटन (द्रव्याच्या गुठळ्या करून ते खाली बसवणे), दाणेदार सक्रियित कार्बन, सूक्ष्म पटलगाळणी. जंतुनाशक बदलणे हा दुसरा मार्ग, पण त्यातूनही वेगळे उपपदार्थ बनतात. ओझोनाने ब्रोमाइडचे ब्रोमेट होते, क्लोरीन डायऑक्साइडने क्लोराइट उरते आणि क्लोरामाइनने ट्रायहॅलोमीथेने घटली तरी नायट्रोसोडायमिथिलअमीन बनू शकते. क्लोरामाइनयुक्त पाण्यातील एका दीर्घकाळ अनोळखी राहिलेल्या पदार्थाची क्लोरोनायट्रामाइड ऋणायन (ऋणभारित कण) म्हणून ओळख 2024 मध्ये पटली.