‘गेरासिमोव्ह डॉक्ट्रिन’ आणि रशियाची लष्करी डॉक्ट्रिन: दोन्ही एक नाहीत, आणि पहिली तर मुळात नाहीच

युक्रेनचा विषय निघाला की थोड्या वेळात कुणीतरी ‘गेरासिमोव्ह डॉक्ट्रिन’ काढतोच, म्हणजे रशियन सेनापती गेरासिमोव्ह यांच्या नावावर खपवलं जाणारं लष्करी धोरण. वाहिन्यांवरच्या चर्चेत ती येते, रविवारच्या पुरवणीत येते, आणि स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये तर चौकटीत येते: साल २०१३, रशियाचं संकरित (हायब्रिड) युद्धाचं, म्हणजे सैन्यासोबत प्रचार, पैसा आणि दबाव मिसळून लढायचं, अधिकृत धोरण, पुढे क्रिमिया. पोरं पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवतात. त्या चौकटीत तीन चुका आहेत. ती डॉक्ट्रिन नाही. ती अधिकृत नाही. आणि गेरासिमोव्ह यांच्या ज्या लेखावरून हे सगळं उभं राहिलं, तो रशियाने कसं लढावं हे सांगायला लिहिलेलाच नव्हता. पहिल्या दोन चुका एकवेळ खपवून घेता येतील, तिसरीने मात्र भल्याभल्यांना फसवलंय.

आधी खरी डॉक्ट्रिन उरकून टाकू, कारण तो प्रकार आपल्याला परका नाही. सरकारने मान्य केलेला, जाहीर केलेला कागद. भारताने जानेवारी २००३ मध्ये अण्वस्त्रांबद्दल ‘प्रथम वापर नाही’ हे धोरण जाहीर केलं, त्याच जातीचा, फक्त सगळ्या लष्करी कारभाराला लागू होणारा. रशियात असे कागद १९९३, २०००, २०१० आणि २०१४ मध्ये आले. त्यावर सही राष्ट्राध्यक्षांची असते: येल्त्सिन, पुतिन, मेदवेदेव, पुन्हा पुतिन. २०२२ मध्ये युक्रेनवर सैन्य घातलं तेव्हा लागू होती ती डिसेंबर २०१४ ची. तिच्यात परिच्छेदांना क्रमांक आहेत, व्याख्या आहेत, आणि अण्वस्त्र कधी वापरू याचं एक कलम आहे. वाचायला महाकंटाळवाणी, पण कुणाही सरकारी कागदाइतकीच.

तिच्यातली एक गोष्ट मात्र पत्रकार हटकून चुकवतात. हा कागद ‘लष्करी धोका’ आणि ‘लष्करी संकट’ अशा दोन पायऱ्या मानतो. धोका म्हणजे पुढे जाऊन बिघडू शकेल अशी परिस्थिती, संकट म्हणजे युद्ध खरोखरच दाराशी आलेलं. नाटोचा विस्तार २०१० आणि २०१४ या दोन्ही वेळी बाह्य धोक्यांच्या यादीत अगदी वर आहे, पण आहे तो धोक्यांच्याच यादीत. ‘रशियाने नाटोला युद्धाचं संकट ठरवलं’ असं जे छापून येतं ते एक पायरी गाळून छापलेलं असतं.

आता त्या लेखाकडे. व्हालेरी गेरासिमोव्ह हे मूळचे कझानचे, रणगाडा दलातले अधिकारी. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते जनरल स्टाफचे, म्हणजे सैन्याच्या मुख्य नियोजन-कार्यालयाचे, प्रमुख झाले. दोन-तीन महिन्यांत, म्हणजे जानेवारी २०१३ मध्ये, त्यांनी लष्करी विज्ञान अकादमीच्या वार्षिक सभेत भाषण केलं. या अकादमीचे अध्यक्ष तेव्हा वयोवृद्ध जनरल मखमूत गारेयेव्ह होते आणि समोर बसलेले लोक मुख्यतः लष्करी अभ्यासक. नव्या प्रमुखाने येऊन ‘तुमच्याकडून मला काय संशोधन हवंय’ हे सांगायचं, असा तो प्रसंग. तेच भाषण फेब्रुवारीच्या अखेरीस एका लष्करी-औद्योगिक साप्ताहिकात छापलं गेलं. मथळ्याचा आशय असा की विज्ञानाचं मोल पुढचं आधी दिसण्यात आहे. रशियाबाहेर त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग फेब्रुवारी २०१४ मध्ये युक्रेनच्या क्रिमिया द्वीपकल्पात बिनबिल्ल्याचे रशियन सैनिक उतरले आणि हे झालं कसं याची शोधाशोध सुरू झाली. त्या उन्हाळ्यात मार्क गॅलिओटी या ब्रिटिश अभ्यासकाने लेखाचा इंग्रजी अनुवाद आपल्या टिपणांसह प्रसिद्ध केला आणि वर जरा चटकदार नाव म्हणून ‘गेरासिमोव्ह डॉक्ट्रिन’ असं लिहिलं. ही काही खरी डॉक्ट्रिन नव्हे, हे टिपणात होतं. पण टिपणं वाचतो कोण? नाव सुटलं ते सुटलंच. मार्च २०१८ मध्ये गॅलिओटींनी ‘हे नाव दिल्याबद्दल माफ करा’ असा सरळ मथळा देऊन लेख लिहिला. बारसं करणारा स्वतः सांगतोय की हे बाळ नाहीच, तरी आपल्याकडे त्याचे वाढदिवस चालू आहेत.

लेखात म्हटलंय काय? सुरुवातच अशी की एकविसाव्या शतकात युद्ध आणि शांतता यांच्यातली रेषा पुसट होत चाललीय, युद्धं आता जाहीर होत नाहीत. चांगला नांदता देश काही महिन्यांत, प्रसंगी काही दिवसांत, यादवीच्या आणि परकीय हस्तक्षेपाच्या खाईत जाऊ शकतो. ही वाक्यं सगळे उद्धृत करतात. त्यांच्या आजूबाजूला उदाहरणं कुठली आहेत, ते मात्र कुणी सांगत नाही. ती आहेत उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतली: अरब देशांतले २०११ चे उठाव, लिबिया. गेरासिमोव्ह म्हणतात, हे युद्ध नव्हे म्हणून आपण सैनिकांनी याचा अभ्यास करायचं कारण नाही, असं म्हणणं सोपं आहे. पण कदाचित या शतकातलं युद्ध असंच दिसत असेल.

म्हणजे बोलणारा माणूस दुसऱ्याने काय केलं ते सांगतोय. मॉस्कोच्या नजरेतून त्या घटनांची साखळी अशी: आधी पैसा, प्रसारमाध्यमं आणि विरोधी गट यांच्या मार्फत रस्त्यावर असंतोष आणायचा, मग मानवतेच्या नावाखाली विमानं पाठवायची, शेवटी राजवट पाडायची. हे चित्र खरं की मॉस्कोचा भ्रम, तो वेगळा वाद. मला ते बरंचसं भ्रमिष्ट वाटतं. ट्युनिशियातल्या तरुणांना रस्त्यावर यायला कुणा परक्या हेरखात्याची गरज नव्हती. पण भाषण समजून घ्यायचं तर ते शत्रूच्या पद्धतीचं वर्णन म्हणूनच वाचावं लागतं. घरफोड्या कुलूप कसं तोडतात यावर फौजदाराने व्याख्यान द्यावं आणि ते ऐकून गावाने फौजदारच आज रात्री घर फोडणार असं ठरवावं, तसं इथे झालंय.

लेखासोबतच्या आकृतीचंही तेच. तिच्यात संघर्षाचे सहा टप्पे आहेत, सुप्तावस्थेपासून शांतता पुन्हा बसवण्यापर्यंत. आणि बिगर-लष्करी व लष्करी उपायांचं प्रमाण दिलंय, ४:१. हा आकडा म्हणजे माझं जुनं दुखणं. कुणी त्याचा अर्थ लावतो की रशिया पाचातले चार रुपये प्रचारावर खर्च करतो. कुणी म्हणतो, रशियन सैन्याला असा आदेशच आहे. त्या आकृतीत हल्लीचे आंतरराष्ट्रीय संघर्ष कसे चालतात याचं निरीक्षण आहे. खर्चाचा तक्ता नाही आणि आदेश तर नाहीच. अमेरिकी लष्कराच्या अभ्यासकांपैकी चार्ल्स बार्टल्स यांनी २०१६ च्या सुरुवातीलाच हे नीट उलगडून सांगितलं होतं: पाश्चात्त्यांच्या लेखी निर्बंध, राजनय आणि प्रसारमाध्यमं ही युद्ध टाळायची साधनं, रशियन सेनापतींच्या लेखी ती युद्धाचीच साधनं.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख गेरासिमोव्हची वकिली होईल. सोव्हिएत काळापासून तिथल्या लष्करी लेखकांची एक खोड आहे: स्वतःची नवी कल्पना मांडायची तर ती ‘परदेशी सैन्यांतले विचार’ म्हणून मांडायची. शिवाय याच भाषणात, परक्यांची नक्कल करत मागे धावू नका, त्यांच्या पुढे जा, असा आग्रहही आहे. तेव्हा ‘वर्णन आहे म्हणजे निरुपद्रवी आहे’ असं कुणी म्हणत असेल तर तोही घसरलाच. वर्णनातून धडे घेतले जातात. पण धडा घ्या म्हणणं आणि मंजूर झालेली योजना असणं यात जे अंतर आहे, तेच ‘डॉक्ट्रिन’ हा शब्द खाऊन टाकतो.

दोन्ही गोष्टी एकमेकींना भिडतात ती एकच जागा मला दिसते. डिसेंबर २०१४ च्या खऱ्या डॉक्ट्रिनमध्ये आजच्या लष्करी संघर्षांची लक्षणं दिली आहेत. त्यात सैन्यबळासोबत राजकीय, आर्थिक, माहितीविषयक उपाय एकत्र वापरणं, लोकांतल्या निषेधाच्या ताकदीचा उपयोग करणं आणि विशेष दलं हे सगळं येतं. ऐकलं की गेरासिमोव्हचाच आवाज वाटतो. आणि तिथेही शीर्षक ‘आजच्या संघर्षांची लक्षणं’ असंच आहे. क्रिमिया घेऊन नऊ महिने झाले होते, तरी कागद जग कसं आहे तेच सांगतोय. त्याच वर्षी मे महिन्यात मॉस्कोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय सुरक्षाविषयक परिषदेत विषय होता ‘रंगीत क्रांत्या’, म्हणजे रस्त्यावरच्या आंदोलनांनी सरकारं पाडणं, अर्थात पाश्चात्त्यांचं शस्त्र म्हणून. आपण कुणावर तरी हे वापरतोय, अशी भाषा रशियन अधिकारी करतच नाहीत. त्यांच्या तोंडी ‘हायब्रिड युद्ध’ येतं ते त्यांच्याविरुद्ध चाललेलं युद्ध म्हणून. मुळात हा शब्द अमेरिकी मरीन दलाचे माजी अधिकारी फ्रँक हॉफमन यांनी रुळवला, २००६ च्या लेबनॉन युद्धातल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेकडे पाहून. त्यात रशिया कुठे नव्हताच. आता सायबर हल्ला हायब्रिड, खोटी बातमी हायब्रिड, गॅसचा भाव वाढला तर तोही हायब्रिड. असा शब्द काही सांगत नाही, तो टाकून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रिमियाच्या बाबतीत तर या शब्दाने नुकसानच केलं. तिथल्या सेव्हास्तोपोलला रशियाच्या काळ्या समुद्रातल्या नौदल ताफ्याचा तळ आधीपासून होता, त्यामुळे रशियन सैन्य द्वीपकल्पावर होतंच. २७ फेब्रुवारीला विशेष दलांनी सिम्फेरोपोलमधली क्रिमियाची संसद ताब्यात घेतली. सीमेवर मोठा युद्धसराव चालू ठेवून कीव्हला धाकात ठेवलं. युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष यानुकोविच पळून गेल्यामुळे कीव्हमध्ये धड आदेश द्यायला कुणी नव्हतं. प्रचार होता, पण त्याने फार तर धूर केला. काम सैनिकांनी केलं.

याचं बिल २०२२ मध्ये आलं. ‘रशिया आता चार भाग बिगर-लष्करी खेळ खेळतो, मोठी फौज घेऊन येणार नाही’ अशी समजूत बऱ्याच ठिकाणी होती. २४ फेब्रुवारीला छत्रीधारी सैनिक हेलिकॉप्टरने कीव्हजवळच्या होस्तोमेलच्या विमानतळावर उतरले, बेलारूसकडून रणगाड्यांचे तांडे कीव्हकडे निघाले आणि एप्रिलच्या सुरुवातीला कीव्ह सोडून मागे फिरले. मग तोफखाना, खंदक, सुरुंग. सप्टेंबरमध्ये तीन लाख राखीव सैनिकांना बोलावणं. आणि ११ जानेवारी २०२३ ला या सगळ्या फौजेचं नेतृत्व थेट कुणाकडे आलं? व्हालेरी गेरासिमोव्ह यांच्याकडे. ज्याच्या नावाने बिनलढाईच्या युद्धाची डॉक्ट्रिन खपवली जाते, तो माणूस त्यानंतर गावागावासाठी माणसं झिजवणारं युद्ध चालवताना दिसला. त्यात मला विसंगती दिसत नाही. मार्च २०१९ च्या भाषणात त्यांनीच ‘सक्रिय बचाव’ आणि सीरियाच्या अनुभवावरून ‘मर्यादित कृती’ अशा प्रत्यक्ष सैन्य वापरण्याच्या व्यूहरचना मांडल्या होत्या, आणि पंचमस्तंभीयांना, म्हणजे देशातल्या फितुरांना, हाताशी धरून नेमके क्षेपणास्त्र हल्ले करण्याची ‘ट्रोजन घोडा’ पद्धत पुन्हा अमेरिकेच्याच नावावर टाकली होती.

२०१३ च्या त्या लेखात दोन जुन्या सोव्हिएत लष्करी विचारवंतांची नावं येतात. एक गिओर्गी इसरसोन. युद्ध जाहीर होत नाही, आधीच जमवलेल्या फौजांनिशी ते सरळ सुरू होतं, हे त्यांनी १९४० मध्ये लिहिलं. पुढच्या वर्षी अटक, मग छावण्या आणि हद्दपारी. दुसरे अलेक्सांद्र स्वेचिन, १९३८ मध्ये गोळ्या घातलेले. प्रत्येक युद्ध वेगळं असतं, त्याचं तर्कशास्त्र वेगळं शोधावं लागतं, साचा लावून चालत नाही, हा त्यांचा विचार गेरासिमोव्हनी जवळजवळ समारोपाला घेतलाय. त्याच लेखातून लोकांनी साचा काढला.

बाकीचे गोंधळ थोडक्यात. अलेक्सांद्र दुगिन हे ‘पुतिन यांचा मेंदू’ वगैरे काही नाहीत. ते विचारवंत म्हणून गाजतात, पण जनरल स्टाफचे कागद ते लिहीत नाहीत. ‘वाढवा म्हणजे निवळेल’, म्हणजे आधी अण्वस्त्र वापरून शत्रूला माघार घ्यायला लावायची, अशी रशियाची अण्वस्त्रनीती असल्याचं जे सांगतात, ते शब्द अमेरिकेच्या २०१८ च्या अण्वस्त्र आढाव्यातून जगभर पोचले. रशियाच्या जाहीर कागदांत ते तसे सापडत नाहीत. पुतिन यांच्यावरच्या लेखात बुद्धिबळाचा पट आला की मी पान उलटतो.

शेवटचा गोंधळ ताजा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘रशियाने लष्करी डॉक्ट्रिन बदलली’ अशा बातम्या झळकल्या. बदलला तो वेगळा कागद होता: अण्वस्त्र-धाकाच्या धोरणाची मूलतत्त्वं, आधीची आवृत्ती जून २०२० ची. २०१४ च्या डॉक्ट्रिनमध्ये आणि २०२० च्या कागदात पारंपरिक, म्हणजे अण्वस्त्रांविना केलेल्या, हल्ल्याला अण्वस्त्राने उत्तर देण्याची अट ‘राज्याचं अस्तित्वच धोक्यात आलं तर’ अशी होती. नव्या कागदात ती ‘सार्वभौमत्वाला किंवा प्रादेशिक अखंडतेला गंभीर संकट’ इतकी सैल झाली, मित्रदेश बेलारूसलाही त्यात घेतलं, आणि अण्वस्त्रधारी देशाच्या पाठबळाने एखाद्या अण्वस्त्रहीन देशाने केलेला हल्ला दोघांचा संयुक्त हल्ला मानला जाईल असं त्यात लिहिलं. त्याच्याशी गेरासिमोव्ह यांच्या २०१३ च्या भाषणाचा काडीचा संबंध नाही, तरी त्या आठवड्यातही कुणीतरी तो जोडलाच.