आंबलेला रस ते ई-20: इथेनॉलमधल्या ऑक्सिजनची जुनी गोष्ट

सध्या कोल्हापुरात पंपावर गाडी लावली की पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा, म्हणजे आंबवून केलेल्या अल्कोहोलचा, विषय निघतोच. कुणी म्हणतं ॲव्हरेज पडलं, कुणी म्हणतं उसाला दर मिळतोय तर चांगलंच आहे की. पण पेट्रोल आणि इथेनॉलमधला खरा फरक ऑक्सिजनचा आहे, पेट्रोलमध्ये तो जवळपास नसतोच आणि इथेनॉलच्या वजनात सुमारे 35 टक्के ऑक्सिजन असतो.

आपल्याकडे गुऱ्हाळावर बसलेल्या माणसाला यातलं अर्धं आधीच माहीत असतं. घाण्यातून निघालेला रस काहिलीत पडायला उशीर झाला की वर फेस धरतो, आंबूस वास सुटतो आणि मग गुळव्या कितीही हुशार असू दे, गुळाचा रवा (ढेप) घट्ट बसत नाही. म्हणून तर चुना टाकायचा, आंबटपणा मारायला. त्या रसात साखरेचा अल्कोहोल होत असतो, ॲसिडं होत असतात, आणि या सगळ्यांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन हीच तीन मूलद्रव्यं, फक्त जोडणी वेगळी.

हे पहिल्यांदा तराजूवर मांडलं फ्रान्सच्या लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने, 1789 साली. साखर आंबवून किती अल्कोहोल आला, किती वायू गेला याचा हिशेब त्याने लावला, आकडे बरेच चुकले पण काहीच नाहीसं होत नाही, नुसती जागा बदलते हा विचार पक्का होता, आणि मला तो आजही फार मोठा वाटतो. ऑक्सिजन हे नावही त्यानेच दिलं, अर्थ आम्ल तयार करणारा, कारण प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच असं त्याला वाटायचं. ते चुकीचं निघालं, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ऑक्सिजन नाहीच. पण व्हिनेगरमधल्या ॲसिटिक ॲसिडमध्ये आहे.

पुढे 1815 मध्ये फ्रान्सच्याच गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने हिशेब नीट केला. ग्लुकोजच्या एका रेणूत 6 ऑक्सिजन, त्यातले 4 कार्बन डायऑक्साइडबरोबर उडून जातात आणि 2 अल्कोहोलच्या दोन रेणूंत राहतात, फेस येतो तो याच वायूचा. नुसती मोजदाद करूनही भागत नाही, कारण इथेनॉल आणि डायमिथाइल इथर दोघांत अणू तेवढेच, पण ऑक्सिजन कुठे बसलाय त्यावर एक 78 अंशाला उकळतो आणि दुसरा साध्या हवेत वायूच असतो. अल्कोहोल आणि इथरचं हे नातं 1850 च्या सुमारास विल्यमसनने उलगडलं. आंबवतं कोण, तर यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव, हे पाश्चरने दाखवलं, आणि 1897 मध्ये बुखनरने जिवंत पेशी नसतानाही यीस्टच्या नुसत्या अर्काने साखर आंबवून दाखवली, त्याला 1907 चं नोबेल मिळालं.

आपल्याकडे शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, नंतर साखर कारखाने आले, आणि कारखान्याची मळी म्हणजे साखर काढून उरलेला दाट काळा पाक (गुऱ्हाळातली मळी वेगळी, ती रसावरची घाण), ती अल्कोहोलसाठी डिस्टिलरीत जायला लागली. पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळायचा कार्यक्रम 2003 ला सुरू झाला, 2018 च्या धोरणात उसाच्या रसापासूनही इथेनॉल करायची वाट मोकळी झाली, 2025 मध्ये प्रमाण 20 टक्क्यांवर गेलं, हेच ते ई-20.

आता ॲव्हरेजचं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच जोडलेला, म्हणजे ते थोडं जळून झाल्यासारखंच, त्यामुळे लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी. 20 टक्के मिसळलं की लिटरमागे 6-7 टक्के ऊर्जा कमी पडते, आणि तोच ऑक्सिजन जळताना कामी येतो म्हणून धुरातला कार्बन मोनॉक्साइडही कमी होतो.