नर्सिंग थीसिस: एथिक्स मंजुरी आणि सीटीआरआयचे अर्ज नेमके कुठे अडकतात

एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात दरवर्षी तेच रडू ऐकते. विषय चांगला असतो: बेडसोर म्हणजे अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमा, मधुमेही पायाची जखम, वॉर्डातल्या सिस्टर्सना रुग्णसुरक्षेचं शिक्षण. गाईडही चांगले असतात. तरी एथिक्स कमिटीकडून, म्हणजे संशोधनात सहभागींचं हित जपलं जातंय ना हे पाहणाऱ्या समितीकडून, अर्ज परत येतो आणि सहा महिन्यांचं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

या अर्जाबरोबर सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, प्रश्नावली, माहितीपत्रक, संमतीपत्रक, तुमचा व गाईडचा थोडक्यात परिचय आणि गाईडची सही द्यावी लागते. यात फारसं कुणी चुकत नाही.

चूक होते ती तारखांच्या क्रमात. आधी एथिक्स कमिटीची मंजुरी, मग सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियावर नोंदणी, आणि त्यानंतरच पहिला रुग्ण. १ एप्रिल २०१८ पासून ही रजिस्ट्री आधीच सुरू झालेला अभ्यास नोंदवून घेत नाही. ‘थीसिस जमा करण्याआधी नोंदणी झाली म्हणजे झालं’ असा समज कुठून पसरला कोण जाणे, पण तो भारी पडतो. एका मुलीने तीस रुग्णांची माहिती गोळा करून मग अर्ज भरला. ते तीसही रुग्ण वाया गेले. मागच्या तारखेने मंजुरी मागू नका, आणि कुणी देऊ केली तरी घेऊ नका.

‘माझ्या अभ्यासात औषधच नाही, मग नोंदणी कशाला?’ हा प्रश्नही नेहमीचा. रजिस्ट्रीच्या व्याख्येत शिक्षण आणि वागणुकीतले बदलही ‘इंटरव्हेन्शन’ ठरतात. सिस्टर्सना हात धुण्याचं किंवा रुग्णाची ओळख पटवण्याचं शिक्षण देऊन आधी-नंतर चाचणी घेणार असाल, तर नोंदणी करा. ती मोफत आहे. शंका विचारल्या जातात, उत्तरं द्यावी लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: मोजपट्टी वापरण्याची परवानगी. बेडसोरचा धोका किती ते मोजणारं ब्रेडन स्केल १९८७ पासून जगभर वापरात आहे. सहा उपविभाग, ६ ते २३ गुण. आपण ते पाठ म्हणून दाखवतो. पण त्यावर स्वामित्वहक्क आहे. पाठ्यपुस्तकात छापलंय म्हणून थीसिसमध्ये चालत नाही. हक्कधारकांना ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून जोडा. हे सिनॉप्सिस लिहितानाच करा, कमिटीने विचारल्यावर नाही. मराठी भाषांतर वापरणार असाल तर तेही त्याच पत्रात विचारा.

दुसरं म्हणजे, सिव्हिल सर्जन किंवा मेट्रन यांचं पत्र ही प्रशासकीय परवानगी झाली. ती एथिक्स मंजुरी नव्हे. दोन्ही लागतात. २०१९ च्या नियमांनुसार कमिटीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक आणि मुदत आधीच विचारून घ्या. यात विद्यार्थ्याचा काय दोष, असं मलाही वाटतं. पण कमिटीची मुदत संपलेली निघाली की भुर्दंड विद्यार्थ्यालाच बसतो, आणि हे त्याला आधी कुणी सांगत नाही.

सर्वांत जास्त अर्ज परत येतात ते मराठी संमतीपत्रकामुळे. मोबाइलवर केलेलं भाषांतर सदस्यांना पहिल्याच ओळीत ओळखू येतं. ‘सहभागाशी निगडित संभाव्य जोखमी’ असं न लिहिता ‘पट्टी बदलताना दुखू शकतं. नको वाटलं तर तेव्हाच सांगा, तुमचा उपचार आहे तसाच चालू राहील’ असं लिहा. आपल्या आजीला वाचून दाखवा, तिला कळलं की झालं. जखमेचा फोटो काढणार असाल तर त्याची संमती वेगळी घ्या. फोटोत चेहरा, नाव किंवा केसपेपरचा नंबर येऊ देऊ नका. रुग्णाला वाचता येत नसेल तर अंगठ्याबरोबर तटस्थ साक्षीदाराची सही घ्या. तो तुमच्या संशोधनातला नसावा. बेडसोरचे कितीतरी रुग्ण शुद्धीवर नसतात, तेव्हा कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते. तो रकाना फॉर्मवर नसतोच, म्हणून आठवणीने घाला. एक प्रत रुग्णाकडे राहिली पाहिजे.

ड्रेसिंगची पद्धत बदलणार असाल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची लेखी संमती जोडा, आणि जखम चिघळली तर उपचार मोफत कोण करणार ते लिहा. ही ओळ बहुतेकांच्या अर्जात नसते.

आणि सिस्टर्सच तुमचे सहभागी असतील तर जपून. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी आणि हाताखालचे कर्मचारी हे दबावाखाली होकार देऊ शकणारे म्हणून असुरक्षित गटात येतात. मेट्रनने यादी करून बसवलेल्या सिस्टर्सचा होकार खरा नसतो. माहिती तुम्ही स्वतः द्या, विचार करायला एक दिवस द्या, आणि चाचणीचे गुण वरिष्ठांना दिसणार नाहीत हे लिहून द्या. तुलनेच्या गटालाही नंतर तेच शिक्षण देणार, हेही लिहा.

मंजुरीनंतर रुग्णसंख्या, प्रश्नावली किंवा रुग्णालय बदललं तर आधी कमिटीला कळवा, सुधारित मंजुरी घ्या, आणि मग सीटीआरआयवरची नोंदही बदला.