थट्टेच्या प्रसंगाचे कपडे : बुकिंगआधी एवढे वाचा

झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) जवळ आला की येशूच्या क्रूसावरील मरणाच्या नाटकासाठी आमच्या भाड्याच्या कपड्यांच्या दुकानात ठरलेली मागणी येते, "येशूसाठी राजाचा सेट द्या." सेट म्हटल्यावर आमचा पोऱ्या मखमली अंगरखा, सोनेरी मुकुट आणि खड्यांचा राजदंड बांधून देतो. तोच सेट स्नेहसंमेलनात अकबराला जातो. मग पवित्र गुरुवारी रंगीत तालमीत फादरांची नजर पडते आणि तुम्ही बदलून घ्यायला धावत येता. तोवर आमचा कपडेपट रिकामा झालेला असतो.

म्हणून बुकिंग करताना "थट्टेचा प्रसंग" असे सांगा, म्हणजे क्रूसावर नेण्याआधी शिपाई येशूला खोटा राजा बनवून हिणवतात तो. रोमन सुभेदार पिलाताच्या शिपायांजवळ राजाचे काहीच नव्हते. हाताशी आले त्यातून त्यांनी राजा उभा केला : काटे गुंफून मुगुट, राजदंडाच्या जागी वेत, राजवस्त्राच्या जागी झगा. येशूची कथा सांगणारी बायबलमधील चार शुभवर्तमाने मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची; त्यांतल्या मत्तयाच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिपायी अंगावर घेतात तो झगा असाच होतो. पुढे गुडघे टेकून जयजयकार, आणि मग तोच वेत हिसकावून डोक्यावर मारणे. पितळी राजदंडाने हे करून पाहू नका. आमचा वेत पोकळ आहे. मुगुटाचे काटे लाकडी, टोके घासून बोथट केलेली.

"पूर्ण भाडे घेऊन विटका झगा दिला," ही तक्रार दरवर्षी येते. तो मुद्दाम विटवलेला आहे. नवे कापड जुने दिसायला किती धुणी लागतात, ते आमच्या घरच्यांना विचारा.

रंगही आधी कळवा. मत्तयात (२७:२८) झगा किरमिजी, मार्क आणि योहानात जांभळा. दोन्ही आमच्याकडे आहेत. योहानात वेत नाही. लूकमध्ये तर काट्यांचा मुगुटच नाही. तिथे गालीलचा अधिपती हेरोद आणि त्याचे शिपाई येशूला झगझगीत वस्त्र घालून पिलाताकडे परत पाठवतात. मखमल हवीच असेल तर ती इथे शोभते. बहुतेक संहितांत चारही शुभवर्तमाने मिसळलेली असतात. आमची हरकत नाही, फक्त प्रसंगवार यादी द्या.

अशी थट्टा दुसऱ्याचीही झाल्याचे अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो याने लिहून ठेवले आहे. इ. स. ३८ च्या सुमारास अलेक्झांड्रियात यहुदी राजा अग्रिप्पाला खिजवायला जमावाने काराबास नावाच्या वेड्याला पकडले. डोक्यावर पपायरसचा मुकुट, अंगावर चटई, हातात पपायरसचाच दांडा. तिथेही सोनेरी काही नव्हते. मखमलीचा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकांना आम्ही हा किस्सा ऐकवतो.

आणखी एक. थट्टा संपल्यावर शिपायांनी तो झगा काढून येशूला त्याचेच कपडे घातले, असे मत्तय आणि मार्क दोघेही सांगतात. म्हणजे क्रूस खांद्यावर आला की झगा आमच्या पेटीत परत. तरी दरवर्षी काही झगे नकली रक्ताने माखून येतात. तो डाग जात नाही, अनामत जाते. वाटेसाठी साधा अंगरखा वेगळा मिळेल. दोन्ही एकदम घेतल्यास भाडे थोडे कमी करू.

क्रूसावरची पाटी सेटमध्ये धरलेली आहे. योहान सांगतो तशी इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत आम्ही ती रंगवतो. चौघांच्या पाटीचा मजकूर थोडा थोडा वेगळा आहे, तेव्हा कोणाचा हवा ते आठवडाभर आधी सांगा. रंग सुकल्यावर पाटी बदला म्हणालात, तर आमचेही उत्तर पिलातासारखेच : लिहिले ते लिहिले.