नाण्यांचा प्रश्न: शून्य धरायचं का नाही?

मोंढ्यात समजा एक किलोचं वजन हरवलं, हाताशी नुसती दोन अन पाच किलोची, पण ती लागतील तेवढी. माल एका पारड्यात, वजनं दुसऱ्यात, तर फक्त एक किलो अन तीन किलो तोलता येत नाहीत, पुढचं सगळं जमतं. हे शेवटचं न जमणारं किती, तोच फ्रोबेनिअसचा प्रश्न, नाण्यांचा प्रश्नही म्हणतात. दोनच आकडे असले, अन दोघांना 1 सोडून एकाच आकड्यानं भाग जात नसला, तर सोपंय, गुणाकारातून दोन्ही वजा करा, 10 मधून 2 अन 5 गेले, राहिले 3.

आमच्याकडं हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, हे तर कुट्टक, म्हणजे अशी समीकरणं पूर्णांकात सोडवायची जुनी रीत, 499 च्या आर्यभटीयातच सुटलंय. कुट्टक भारीच आहे, त्यात वाद नाही, पण तिथं वजाबाकी चालते, म्हणजे मालाच्या पारड्यातही वजन टाकायची मुभा, पाच इकडं दोन तिकडं की झाले तीन किलो. मग न जमणारं काही उरतच नाही! सख्खं नाही, चुलत म्हणा फारतर.

खरा घोळ शून्याचा आहे. 1884 मधे एका इंग्लिश गणितज्ञाचा कोडंवजा प्रश्न छापून आला, त्यात न जमणारे आकडे एकूण किती हे विचारलं होतं, सगळ्यात मोठा कोणता हे नव्हतं, तरी लोक वरचं वजाबाकीचं सूत्र बिनधास्त त्याच प्रश्नाच्या नावावर टाकतात. पण त्यानं कंसात स्पष्ट लिहिलं होतं की शून्य चालेल, म्हणजे एखादं वजन वापरलंच नाही तरी हरकत नाही. नंतर काहींनी उलटं धरलं, प्रत्येक वजन एकदा तरी लागलंच पाहिजे, अन मग आपलं 3 चं उत्तर थेट 10 होतं. फरक नेमका सगळ्या आकड्यांच्या बेरजेएवढा, त्यामुळं गणित बिघडत नाही, पण दोन पेपर शेजारी ठेवून वाचणाऱ्याचं डोकं नक्की बिघडतं. माझ्या मते शून्य धरायचंच, दुकानदार काय दरवेळी सगळी वजनं पारड्यात टाकतो का?

नाव ज्या जर्मन प्राध्यापकाचं पडलं तो फ्रोबेनिअस हा प्रश्न लेक्चरमधे अधूनमधून काढायचा, एवढं 1942 च्या एका पेपरातून कळतं.

तीन आकडे आले की मात्र सगळं अडतं. 1990 मधे सिद्ध झालं की तिथं दोन आकड्यांसारखी ठरावीक बहुपदी सूत्रं मिळणारच नाहीत, 1992 मधे आकड्यांची संख्या पक्की असेल तर झटपट पद्धत निघाली, अन 1996 मधे कळलं की आकडे कितीही असू शकतील तर प्रश्न एनपी-हार्ड आहे, म्हणजे झटपट पद्धत निघेल अशी आशा जवळपास नाहीच.

लोकांना माहीत असतं ते चिकन नगेटचं. 6, 9 अन 20 चे बॉक्स, तर घेता न येणारा सगळ्यात मोठा आकडा 43. (प्रत्येक बॉक्स घ्यायचाच म्हटलं तर 78, तोच शून्याचा घोळ.) पुढं 4 चा बॉक्स आला अन 43 चं एकदम 11 झालं.